मिसळीचं बिल कुणाच्या नावावर? महापालिकेची निवडणूक सरळ लढवायची असेल तर

४ जानेवारी २०२६, रविवार. मतदानाला अकरा दिवस उरलेले, चिन्हं नुकतीच हातात पडलेली. सकाळी साडेसातला आमच्या एका कार्यकर्त्याचा फोन आला. "काका, मखमलाबाद रोडला मिसळ सांगितलीय, दीडशे प्लेट. दोन सोसायट्यांची माणसं येतायत. तुम्ही फक्त वहिनींना नऊपर्यंत घेऊन या." वहिनींच्या खर्चाची वही माझ्याकडे होती, त्यामुळे तोंडातून पहिला प्रश्न तोच निघाला, "बिल कुणाच्या नावावर?" पलीकडे क्षणभर शांतता, मग हसू. "बिल कसलं काका? मालक आपलाच आहे."

नाशिकात रविवारी "मिसळीला चला" म्हणणं हे इतर गावांत "चहाला या" म्हणण्यासारखंच. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. म्हणूनच ही मिसळ फसवी आहे. आयुष्यभर अंबडच्या एका कारखान्यात हिशेब लिहिले, पण वही सांभाळणं एवढं जड कधी गेलं नव्हतं. वहिनी म्हणजे आमच्या शेजारच्या. बचत गट चालवतात, प्रभागातल्या महिला राखीव जागेवर उभ्या होत्या. पक्ष कुठला, याचं इथे काम नाही. त्या निवडून आल्या नाहीत, हेही आधीच सांगून टाकतो, म्हणजे सचोटीने लढलं की जिंकता येतं असा समज करून कुणी पुढे वाचणार नाही.

पुढच्या खेपेला उभं राहायचं ज्यांच्या मनात आहे, किंवा एखाद्या मित्रासाठी वही सांभाळण्याची वेळ ज्यांच्यावर येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. कामं ज्या क्रमाने अंगावर येतात, त्याच क्रमाने.

पहिलं काम: आधी स्वतःच्या घराची झडती

अर्ज भरायच्या किमान तीन महिने आधी घरातले सगळे कागद टेबलावर मांडा. घरपट्टी, पाणीपट्टी, भाडेतत्त्वावर गाळा असेल तर त्याची थकबाकी. महापालिकेची विशेष नोटीस येऊनही थकबाकी भरली नाही तर माणूस अपात्र ठरतो. १२ सप्टेंबर २००१ नंतर झालेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनावर गेली असेल, तरी अपात्रता येते. हे बहुतेकांना ठाऊक असतं. जे ठाऊक असूनही लोक विसरतात ते म्हणजे बांधकाम. महापालिका अधिनियमानुसार नगरसेवकाने, त्याच्या जोडीदाराने किंवा अवलंबून असलेल्या माणसाने बेकायदा बांधकाम केलं असेल तर निवडून आल्यावरही पद जातं. बंगल्याच्या बाजूच्या मोकळ्या जागेवर टाकलेले पत्रे, गच्चीवरची वाढीव खोली हे सगळं यात येऊ शकतं. आमच्या वहिनींच्या गच्चीवर पापड वाळवायला पत्र्याची शेड होती. ती ऑक्टोबरातच उतरवली. वहिनींच्या यजमानांची, म्हणजे आमच्या काकांची, कुरकुर अजून चालू आहे.

मग शपथपत्र. मालमत्ता, कर्ज, शिक्षण, गुन्हे. यातली एकही ओळ कोरी सोडू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली स्पष्ट सांगितलंय की रकाने कोरे ठेवणं चालणार नाही. लागू नसेल तिथे "लागू नाही", काही नसेल तिथे "निरंक". आंदोलनात दाखल झालेला जुना गुन्हा लोक सोडून देतात, "ती काय केस आहे का" म्हणून. तमिळनाडूतल्या कोइमतूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायत अध्यक्षाने असेच गुन्हे लपवले होते. निवडणूक रद्द झाली आणि २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम करताना म्हटलं की गुन्ह्यांची माहिती दडवणं म्हणजे मतदारावर गैरवाजवी दबाव आणण्यासारखंच आहे. प्रकरण गावपातळीच्या निवडणुकीचं होतं, हे लक्षात ठेवा. "आपली काय, छोटी निवडणूक" हा बचाव तिथेच संपला.

शपथपत्र वकिलाकडून टाइप करून घ्या, पण मजकूर स्वतः वाचा. वहिनींच्या पहिल्या मसुद्यात त्यांचं सोनं निम्मंच धरलं होतं, कारण वकिलांनी काकांना विचारलं आणि काकांना बायकोकडे किती सोनं आहे हेच माहीत नव्हतं!

दुसरं काम: वही

खरं सांगायचं तर या लेखाचा जीव इथेच आहे, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं.

नाशिक महापालिकेसाठी या वेळी उमेदवाराला खर्चाची मर्यादा १३ लाख रुपये होती. आकडा ऐकून लोक डोळे विस्फारतात. पण हिशेब करून बघा. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजार होती, प्रभाग ३१. म्हणजे जुन्या आकड्यानेही प्रभागामागे सरासरी ४८ हजार माणसं, आणि शहर त्यानंतर पाथर्डी फाटा, आडगाव, मखमलाबाद अशा सगळ्या अंगांनी वाढलंय. पत्रकं, रिक्षा, मंडप, खुर्च्या, बूथवरच्या पोरांचं जेवण यात तेरा लाख सहज संपतात. संपत नाहीत असं दाखवणारा उमेदवार एक तर फार काटकसरी असतो किंवा त्याची दुसरी वही असते.

निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खातं उघडा आणि सगळा पैसा त्यातूनच जाऊ द्या. वहिनींचा भाऊ पन्नास हजार रोख घेऊन आला होता. ते आधी खात्यात भरायला लावले, मगच खर्चायला दिले. भाऊ म्हणाला, "बहिणीला पैसे द्यायला बँक कशाला मधे?" त्याला समजावण्यात अर्धा तास गेला, पण नंतर पैसा कुठून आला हे सांगायला एक सेकंद लागला नाही.

वहीत माझे सहा रकाने होते: तारीख, कशाचा खर्च, नग, दर, पैसे कुणी दिले, बिल क्रमांक. पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सहानुभूतीदार पैसे देतात, वस्तू देतात, जागा फुकट देतात. फुकट मिळालं तरी ते तुमच्याच प्रचाराला लागलंय, म्हणून बाजारभावाने वहीत चढतं. निवडणूक कार्यालय यासाठी दरसूची काढतं. चहा, वडापाव, खुर्ची, मंडप, ढोलताशे, लाउडस्पीकर लावलेली रिक्षा, सगळ्याचे दर त्यात असतात. ती पहिल्याच दिवशी आणा आणि वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून टाका. तुम्ही बिल कमी दाखवलंत तरी कार्यालय दरसूचीनेच धरतं, त्यामुळे ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नसतो.

उमेदवाराच्या लेखी परवानगीशिवाय त्याच्यासाठी दुसऱ्याने खर्च केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १७६ खाली दंड आहे, दहा हजारांपर्यंत. त्यात एक गमतीची सूट आहे. दहा रुपयांपर्यंतचा खर्च परवानगीशिवाय झाला आणि दहा दिवसांत उमेदवाराची लेखी मान्यता घेतली तर चालतं. दहा रुपये! आज त्यात वडापावसुद्धा येत नाही. इंग्रजांच्या काळातला आकडा नव्या संहितेतही तसाच उतरलाय. पण मुद्दा खराच आहे. पंचवीस पोरं उत्साहाने आपापल्या खिशातून झेंडे, टोप्या, फटाके आणतात आणि हिशेब उमेदवाराच्या मानगुटीवर बसतो. आम्ही सगळ्यांना एकच सांगितलं: आधी फोन, मग खरेदी.

चार सदस्यांच्या प्रभागात आणखी एक गुंता असतो. अ, ब, क, ड अशा चारही उमेदवारांची एकत्र सभा झाली तर खर्च चौघांत विभागायचा. आमच्या पॅनेलमधल्या एका गृहस्थांचं म्हणणं पडलं की सगळा वहिनींच्या नावावर टाका, त्यांचा खर्च कमी झालाय. ऐकायला सोयीचं, पण सरळ खोटं. आम्ही चार सारखे भाग केले आणि चौघांच्या सह्या घेतल्या. सह्यांमुळेच तो वाद पुन्हा निघाला नाही.

आणि वेळ. वही रोज रात्री लिहा, झोपायच्या आधी. सकाळी प्रचारफेरी, दुपारी घरोघर, संध्याकाळी चौकसभा, असं चालू झालं की "उद्या लिहू" म्हटलेला खर्च तिसऱ्या दिवशी आठवत नाही, आणि आठवत नाही तिथे माणूस अंदाजे आकडा टाकतो. खोट्या हिशेबाची सुरुवात मी तरी अशीच झालेली पाहिली. लबाडीपेक्षा दमणूकच जास्त कारणीभूत असते.

तर ती मिसळ. मी वहिनींना फोन केला, त्यांनी कार्यकर्त्याला. कार्यकर्त्यांना खाऊ घालणं हा प्रचाराचा खर्च आहे, लिहायचा आणि मोकळं व्हायचं. मतदारांना मताच्या आशेने खाऊ घालणं ही मात्र लाच. संहितेत खाणं, पिणं, करमणूक घडवून दिलेल्या लाचेला तुरुंग नाही, फक्त दंड आहे. पण गुन्हा तो गुन्हाच. शेवटी दीडशेच्या चाळीस प्लेट झाल्या, खाणारे सगळे आपलेच कार्यकर्ते, मालकाकडून रीतसर बिल घेतलं, वहीत चढवलं. सोसायटीतली माणसं परस्पर गेली आणि आपापले पैसे देऊन मिसळ खाऊन आली असावीत. आमचा कार्यकर्ता दोन दिवस रुसून बसला. तिसऱ्या दिवशी आला, कारण पत्रकं वाटायला त्याच्यासारखा पायांचा पक्का दुसरा कुणी नव्हता आणि हे त्यालाही माहीत होतं.

तिसरं काम: "नाही" म्हणायची तयारी

रोख पैशाच्या पाकिटाला, ज्याला सगळे लक्ष्मीदर्शन म्हणतात, नाही म्हणणं त्यातल्या त्यात सोपं असतं. ते चुकीचं आहे हे देणाऱ्यालाही कळतं, घेणाऱ्यालाही. जड जातं ते सभ्य मागण्यांना नाही म्हणणं.

एका सोसायटीचे सेक्रेटरी आले होते. निवृत्त माणूस, अतिशय सालस. चहा झाल्यावर म्हणाले, "आमची चौसष्ट मतं आहेत. गेटवर चार कॅमेरे बसवून दिलेत तर मी बैठक लावतो. स्वतःसाठी काही मागत नाही." कुणी पेव्हर ब्लॉक मागतं, कुणी इमारतीला रंग, कुणी मंडळाला साउंड सिस्टिम, कुणी देवीच्या मंदिराला फरशी. मागणाऱ्याला खरंच वाटतं की हे समाजकार्य आहे. कायद्याला तसं वाटत नाही. मताच्या बदल्यात कुणालाही दिलेला लाभ ही लाच, मग तो माणसाला दिलेला असो की मंडळाला. आणि घेणाराही तितकाच दोषी, वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते. मात्र लाचेच्या कलमात एक महत्त्वाची फोड आहे. सार्वजनिक धोरण जाहीर करणं किंवा सार्वजनिक काम करण्याचं वचन देणं, याला लाच म्हणत नाहीत. "निवडून आले तर या रस्त्यावर दिवे लावण्याचा प्रस्ताव मांडेन" हे वचन. "आत्ता तुमच्या गेटला कॅमेरे देते" ही लाच. फरक कळायला मुळीच अवघड नाही, बोलायला जीभ जड होते एवढंच.

देवळाचं निमित्त काढणाऱ्यांसाठी आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. देवळा तालुक्यातलं उमराणे. २०२१ च्या जानेवारीतल्या ग्रामपंचायत निवडणुकीआधी तिथे सरपंचपदाची बोली लागली आणि ती २ कोटी ५ लाखांवर गेली. पैसे मंदिराच्या बांधकामाला जाणार होते, कुणाच्या घरात नव्हे. व्हिडिओ सगळीकडे फिरला. राज्य निवडणूक आयोगाने उमराण्याची आणि नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीची, दोन्ही ग्रामपंचायतींची निवडणूकच रद्द केली. "देवाच्या कामाला दिले" हे उत्तर तिथे चाललं नाही, तर सोसायटीच्या कॅमेऱ्यांना कसं चालेल?

नाही म्हणायचं ते उमेदवाराने स्वतः आणि पहिल्या भेटीत. कार्यकर्त्याच्या तोंडून नकार गेला की समोरच्याला वाटतं अजून बोलणी होऊ शकतात. "बघू" हा शब्द तर वहीच्या पहिल्या पानावर लिहून त्यावर काट मारून ठेवा. प्रचारात "बघू" म्हणजे हो. सेक्रेटरी साहेबांना वहिनी म्हणाल्या, "काका, कॅमेरे नाही जमणार. पण तुमच्या गेटसमोरचा खड्डा महापालिकेचा आहे, त्याच्या तक्रारीचा अर्ज आत्ता माझ्यासमोर लिहा, मी सही करते." त्यांनी लिहिला. बैठक काही लावली नाही.

चौथं काम: आश्वासनं चाळणीतून काढा

हे काम आम्ही एका संध्याकाळी चार जणांनी बसून केलं. जाहीरनाम्याच्या मसुद्यातल्या प्रत्येक ओळीपुढे लिहिलं, हे कुणाच्या हातात आहे? गंगापूर धरणातलं पाणी किती मिळणार हे जलसंपदा विभागाशी बांधलेलं, ते आपल्या गल्लीत सम प्रमाणात पोचतं का हे महापालिकेचं. द्वारका चौकातली कोंडी सोडवायची तर मुंबई-आग्रा महामार्गाचा प्रश्न येतो, एकट्या नगरसेवकाच्या आवाक्यातला नाही. वीज महावितरणची. सिटीलिंकची बस मात्र महापालिकेच्या कंपनीची, २०२१ पासून धावतेय, तिथे थांबा मागता येतो. तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथली मलनिस्सारण केंद्रं महापालिकेची, त्यामुळे गोदावरीत सांडपाणी का जातं हे विचारणं नगरसेवकाचं कामच.

घरपट्टी हा सगळ्यांचा आवडता विषय. २०१८ मध्ये करवाढीवरून शहर पेटलं होतं, ती आठवण अजून ताजी आहे, म्हणून दर निवडणुकीत कुणी ना कुणी "घरपट्टी माफ" छापतं. कराचे दर महासभा ठरवते, अधिनियमानुसार २० फेब्रुवारीच्या आत. एकशे बावीसातला एक नगरसेवक फार तर मत देऊ शकतो. वहिनींच्या पत्रकात आम्ही तसंच लिहिलं: "घरपट्टी वाढवण्याच्या प्रस्तावाविरुद्ध मतदान करेन." छापखान्यातला माणूस म्हणाला, "वहिनी, हे फार मिळमिळीत वाटतंय." वाटत होतंच. पण मतदानानंतर कुणी पत्रक घेऊन दारात आलं असतं तर तोंड लपवावं लागलं नसतं.

कुंभमेळ्याच्या नावावर तर काहीही छापता येतं. २०२७ चा सिंहस्थ, साधुग्राम, रिंगरोड, घाट. साधुग्रामासाठी तपोवनातली झाडं तोडण्यावरून शहरात केवढा गदारोळ झाला ते सगळ्यांनी पाहिलं. अशा प्रश्नावर मतदार दारात विचारतो, "तुम्ही झाडांच्या बाजूने की साधूंच्या?" एका गल्लीत एक आणि दुसऱ्या गल्लीत दुसरं उत्तर देणारे उमेदवार मी पाहिलेत. आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, दोन्ही उत्तरं रात्रीपर्यंत एकाच ग्रुपवर शेजारी शेजारी पडतात. म्हणून पाच-सहा वादाच्या मुद्द्यांवर आपलं उत्तर आधीच कागदावर लिहा आणि सगळ्या गल्ल्यांत तेच बोला.

पत्रकावर मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापा. झाडांना, खांबांना, कुणाच्या कंपाउंडला न विचारता काही चिकटवू नका, विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आहे. रात्री दहानंतर भोंगा बंद. यावर जास्त लिहायला नको, सगळ्यांना माहीत असतं आणि सगळे विसरतात.

पाचवं काम: मतदार यादी

महापालिकेची यादी वेगळी तयार होत नाही, विधानसभेचीच यादी प्रभागवार फोडतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. संभाव्य दुबार नावांपुढे आयोगाने दोन तारे टाकले होते.

सिडको, सातपूर, अंबड या भागात खानदेशातून आलेली कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. जळगाव-धुळ्याकडच्या गावात आईवडील, शेती, आणि तिथल्या यादीतही नाव. इथेही नाव. अनेकांना यात चूक वाटत नाही, "गावही माझं, शहरही माझं". प्रचारातली पोरं यादी घेऊन फिरतात तेव्हा असं घर बरोबर सापडतं. आपला मतदार असेल तर गप्प बसायचं आणि विरोधकाचा असेल तर हरकत घ्यायची, ही ठरलेली रीत. आम्ही यादीतल्या दुबार घरांना, कुणाची का असेनात, एकच सांगितलं: कुठलं नाव ठेवायचं ते ठरवा, दुसरीकडचं कमी करायला नमुना ७ भरा. खोटं लिहून दिलं तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० मध्ये वर्षभरापर्यंत शिक्षा आहे. यामुळे आमची काही मतं गेली, हे नक्की. किती गेली ते कुणालाच कळणार नाही.

वारलेल्या माणसाच्या नावाची चिठ्ठी बूथवर जाता कामा नये. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

सहावं काम: विरोधकाबद्दल तोंड सांभाळणं

प्रचाराच्या मध्यावर एक ऑडिओ क्लिप आली. विरोधी उमेदवाराचा आवाज, म्हणजे आवाज तसाच, आणि त्यात एका समाजाबद्दल घाणेरडं बोलणं. आमचा ग्रुप पेटला. दहा मिनिटांत ती तीस ठिकाणी जायला तयार होती. मी एवढंच विचारलं, "ही कुणी रेकॉर्ड केली, त्याचं नाव सांगा." कुणाकडेच नाव नव्हतं. आता आवाज बनवणं इतकं सोपं झालंय की खऱ्या आवाजावरही खात्री धरवत नाही. उमेदवाराच्या खासगी चारित्र्याबद्दल खोटं विधान, ते खोटं आहे हे माहीत असताना किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना, निकालावर परिणाम व्हावा म्हणून पसरवणं हा न्याय संहितेच्या कलम १७५ खाली गुन्हा आहे. आणि जातीधर्माच्या नावावर मतं मागणं आचारसंहितेत बसत नाही.

टीका करायची तर कागद दाखवून करा. मागच्या कारकिर्दीत महासभेला किती हजेरी, कुठल्या प्रस्तावाला पाठिंबा, प्रभागातलं कुठलं काम दोनदा काढलं. यावर बोललं तर कुणी हरकत घेऊ शकत नाही, आणि ऐकणाऱ्यालाही त्याचं काही उपयोगाचं वाटतं. आमच्या पोरांना हे कंटाळवाणं वाटायचं. खरंच कंटाळवाणं आहे.

सातवं काम: माइक कुणाच्या हातात?

हे काम यादीत कुणी घालत नाही, पण मला ते महत्त्वाचं वाटतं. महिलांसाठी निम्म्या जागा राखीव आहेत, म्हणजे एकशे बावीसात एकसष्ट. फलकावर ताई आणि शेजारी तेवढाच मोठा भाऊंचा फोटो. सभेत ताई हात जोडून उभ्या, बोलतात भाऊ. मतदाराला तुम्ही ताई विकताय आणि देणार भाऊ, हीसुद्धा फसवणूकच. वहिनींनी पहिल्याच सभेत सांगितलं, "बोलणार मी, चुकले तर मीच चुकेन." पहिल्या दोन सभांत खरोखर चुकल्या. प्रभागाचं नाव घेताना शेजारचा आकडा सांगितला, लोक हसले. तिसऱ्या सभेपासून लोक थांबून ऐकायला लागले. काका मागे खुर्च्या मोजत बसायचे, माझ्या वहीसाठी.

आठवं काम: शेवटचे दोन दिवस

जाहीर प्रचार थांबला की खरी परीक्षा सुरू होते. रात्री अकरानंतर फोन वाजतात. "समोरच्यांनी वाटप सुरू केलंय, आपलं काय?" या प्रश्नाचं उत्तर त्या रात्री ठरवायला बसाल तर हराल. ते महिनाभर आधी, शांत डोक्याने, सगळ्या मुख्य कार्यकर्त्यांसमोर ठरलेलं असायला हवं. आम्ही ठरवलं होतं की फोन आला तर जागा, वेळ, गाडी विचारायची आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या आचारसंहिता कक्षाला व पोलिसांना कळवायचं. त्या रात्री तीन वेळा कळवलं. एकदा भरारी पथक आलं, तोवर गल्ली रिकामी. तक्रार केल्यावर लेखी प्रत द्या आणि पोच घ्या, तोंडी सांगितलेलं कुठेच राहत नाही. फोटो काढताना स्वतःला संकटात घालू नका, हे पोरांना दोनदा बजावा.

मतदारांना यंत्राबद्दल खरं सांगा. चार सदस्यांच्या प्रभागात चार मतं द्यायची असतात: अ पांढरा, ब फिका गुलाबी, क फिका पिवळा, ड फिका निळा. पसंत नसेल त्या जागी नोटा दाबायचं. चारही झाल्यावरच आवाज येतो. काही प्रचारक म्हाताऱ्या माणसांना "आपलं एकच दाबा आणि या" असं शिकवतात, मग आत गोंधळ होतो, केंद्राध्यक्षाला मधे पडावं लागतं. वहिनी घरोघरी चारही रंग समजावून सांगायच्या. पॅनेलमधले गृहस्थ म्हणाले, "बाकीच्या तीन रंगांत लोक दुसऱ्यांना देतील ना!" देतील. दिलेही असावेत.

नववं काम: निकालानंतर

निकाल लागला की हरलेल्याच्या कार्यालयात खुर्च्यासुद्धा दुसऱ्या दिवशी उरत नाहीत. पण काम उरतं. निकालापासून ३० दिवसांत पूर्ण हिशेब द्यावा लागतो, हरलेल्यालाही. दिला नाही तर आयोग तीन वर्षांपर्यंत निवडणूक लढवायला अपात्र ठरवू शकतो. आणि समोरच्याने भ्रष्ट मार्गाने जागा जिंकली असं पुराव्यानिशी वाटत असेल तर कोर्टात अर्ज करायची मुदत अवघी दहा दिवस. वही आणि पोच घेतलेल्या तक्रारी आधीच लावून ठेवल्या असतील तर दहा दिवस पुरतात. शोधायला बसलात तर नाही. आम्ही अर्ज केला नाही. अंतर मोठं होतं आणि आमच्याकडे संशय होता, पुरावा नव्हता.

हिशेब द्यायला मी एकटाच गेलो. खिडकीमागच्या बाईंनी एकेक बिल उलटून पाहिलं, मिसळीच्या बिलाशी थांबल्या. "चाळीस प्लेट मिसळ, खरंच लिहिलीय?" म्हणाल्या, आणि शिक्का मारून पोच दिली. बाहेर येऊन काकांना फोन केला. ते कुठल्याशा खांबावरून वहिनींचा उरलेला फलक उतरवत होते. शिडी भाड्याने आणली होती, म्हणाले, "याचं बिल घेऊ का?" मी म्हटलं, आता नको, वही आजच जमा झाली.